मीनाच्या बदल्यात

माधव नगर, उज्जैन
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय गौरीस,
स. न. वि. वि.

तुमच्या हॉकीच्या हॉस्टेलात फोन फक्त रविवारी अर्धा तास मिळतो, आणि तो अर्धा तास प्रतिभाआत्या एकटीच संपवते. म्हणून शेवटी कागद काढला. सख्ख्या आत्येबहिणीशी बोलायला आता पोस्टाचं तिकीट लागतं, असं बाबा शिलाई मशीन दुरुस्तीला घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटले आहेत.

बातमी अशी की भय्यासाहेबांनी मला आपल्या क्षिप्रा क्लबच्या मुलींच्या संघाची सेक्रेटरी केलं. शहात्तर वर्षांचे झाले तरी शिट्टी त्यांच्याच गळ्यात आहे, पण कागदपत्रं सगळी माझ्याकडे. म्हणाले, गुडघ्यामुळे तुझं खेळणं तर संपलं, आता डोकं चालव. घरातली पहिली पदवी माझी, आणि तिचा पहिला उपयोग म्हणजे माळवा लीगचे फॉर्म भरणं! पण हसू नकोस. मला खरंच वाटतं की उज्जैनच्या मुलींचा एक नीट संघ उभा राहू शकतो. ओळखीवर नाही, वशिल्यावर नाही, खेळावर.

नियम तुला ठाऊकच आहेत. सोळा नावं, त्यांतल्या दोन बाहेरगावच्या पाहुण्या चालतात, आणि २५ जानेवारीपर्यंत दुसऱ्या क्लबशी एकीच्या बदल्यात एक अशी अदलाबदल करता येते. मी अकरा नावं जमवली आहेत. नागद्याच्या दोघी बहिणी आल्या, पण त्यांच्या वडिलांची अट आहे की खेळतील तर दोघी, नाहीतर एकही नाही. आणि त्यातली धाकटी अगदीच गाय आहे. टावर चौकातल्या एका साडीच्या दुकानात काम करणारी मुलगी बॅक म्हणून मिळाली. तिच्या शेठना पटवायला मी तीन चकरा मारल्या. गोलकीपरचं मात्र कठीण आहे. आपली अहल्या लग्न होऊन खंडव्याला गेली, आणि तिच्या जागी जी उभी राहते ती चेंडू आला की डोळे मिटते.

आता खरी गोष्ट. भेरूगढला आत्याची छापायला दिलेली चादर आणायला गेले होते. तिथे नदीकाठी छापलेली कापडं ओळीने वाळत घातलेली असतात ना, त्या ओळींमधल्या हातभर वाटेतून एक मुलगी हॉकीचा चेंडू नेत होती. दोन्ही बाजूंना ओलं कापड. चेंडू कापडाला लागला तर मार मिळतो, असं तिनेच सांगितलं. ती धावत गेली, वळली, परत आली, आणि चेंडू एकदाही वाटेबाहेर गेला नाही. मी चादर विसरून उभी राहिले. नाव मीना, वय सतरा, तळहात रंगाने निळे.

तिच्या आईला राजी करायला दोन संध्याकाळी गेल्या. बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. छपाईच्या टेबलावरचा एक हात कमी होतो. शेवटी म्हणाली, मार्चपर्यंत ने. मार्चमधल्या निवडीत सरकारी हॉस्टेल मिळालं तर पोरगी तुमची, नाही तर एप्रिलपासून टेबलावर, आणि पुन्हा हे नाव काढायचं नाही. निवडीला बसायचं तर लीगचे सहा पूर्ण सामने खेळलेले हवेत, आणि पुढच्या वर्षी मीना वयाच्या बाहेर जाते. म्हणजे हे एकच वर्ष आहे तिच्याकडे. मी शब्द दिला की सहा सामने मी खेळवीन. आईने तशाच निळ्या हाताने अंगठा उठवला. गौरी, त्या फॉर्मकडे पाहताना मला पदवीच्या दिवशीसारखं वाटलं.

तुझं कसं चाललंय? पहिल्या संघात कुठे खेळवतात? सविस्तर लिही. तू लांब गेलीस म्हणून माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुक्ता


ग्वाल्हेर
२७ नोव्हेंबर २०२४

चि. मुक्ता हिस,
अ. उ. आ.

अकरा महिन्यांनी मोठी आहे, त्यामुळे आशीर्वाद देण्याचा मला पूर्ण हक्क आहे. सेक्रेटरीबाई झालात, वा! आता तुमच्याशी जपून बोलायला हवं. मामाने तुझी पदवी दुकानात फ्रेम करून लावली आहे आणि खाली रोज उदबत्ती लावतो, असं आई सांगत होती. महाकालाला जायचे ते लोक आता तुझ्या दर्शनाला येतील. मी दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं तेव्हा मामा आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता, आठवतंय ना? असो.

इकडे थंडी मरणाची आहे. पाच वाजता मैदानावर, टर्फवर पाणी मारलेलं, पाय बधिर. जेवणात दर मंगळवारी तेच दुधीचं पाणी, इथल्या भाषेत लौकी. माझं खेळणं चालू आहे. संघ वगैरे बदलत राहतात इथे, त्याचं काही विशेष नाही.

तुझी मीना कुठे खेळते ते लिहिलं नाहीस. हातभर वाटेतून चेंडू नेणं ही सर्कस झाली गं. सामन्यात समोर पाच जणी असतात आणि कापड कुणाचंच वाळत नसतं. तू लहानपणापासून अशीच, कुणी आवडलं की लगेच पाट मांडून आरती.

एक विचारायचं होतं. २० जानेवारीनंतर मला थोडे दिवस मोकळे मिळतील. तुझी पाहुणीची एक जागा रिकामी असेल तर मी आपल्या क्लबकडून उरलेले सामने खेळू शकते. सेंटर हाफलाच, अर्थात. तीच माझी जागा. भय्यासाहेबांना आत्ताच बोलू नकोस, सरप्राइज देऊ.

घरी सगळ्यांना सांग की मी मजेत आहे. तुझ्या पत्राची वाट पाहते, हे मात्र कुणाला सांगू नकोस.

तुझीच,
गौरी


माधव नगर, उज्जैन
९ डिसेंबर २०२४

प्रिय गौरीस,
स. न. वि. वि.

तू येणार हे वाचून मी स्वयंपाकघरात नाचले, आणि आईने मला दुधाकडे बघायला सांगितलं. पाहुणीची जागा तुझीच. फक्त अडचण एक आहे, आणि तीच या पत्राचा विषय आहे. मीना सेंटर हाफ खेळते.

दोन सामने झाले. पहिला आपण चार-तीन असा हरलो, कालचा पाच-चार. सात गोल आपण केले म्हणून उड्या मार, आणि नऊ खाल्ले म्हणून कपाळ बडव. गोलातली पोर अजून डोळे मिटतेच. पण सातपैकी सहा गोल मीनाच्या पासवर झाले. ती चेंडू अडवते आणि मान वर करते, बस्स. पुढची मुलगी कुठे पोचेल ते तिला आधी कळतं. नागद्याच्या त्या धाकटीने, त्या गायीने, काल दोन गोल केले! चेंडू तिच्या स्टिकवर येऊन बसला, तिने नुसता ढकलला.

लोक टाळ्या वाजवत होते आणि मीही वाजवल्या. मग काय झालं ते तुला सोडून कुणाला सांगू शकत नाही.

सामना संपल्यावर मुलींचे नंबरचे बिल्ले परत करायला भय्यासाहेबांकडे गेले. ते आत माईंना सांगत होते, दार उघडंच होतं. म्हणत होते, चाळीस वर्षं मी या पोरीची वाट पाहत होतो. गौरी चांगली होती, मुक्ता मेहनती होती, पण ही मैदान बघते. माई म्हणाल्या, अहो, हळू बोला. मी बिल्ले ओट्यावर ठेवले आणि हाक न मारताच परत आले.

मेहनती! आठ वर्षं, गौरी. पहाटे साडेपाचला मी जायची तेव्हा मैदानाचं फाटकसुद्धा उघडलेलं नसायचं. गुडघा गेला तो त्याच मुरमाच्या मैदानावर. आणि माझ्या वाट्याला तो शब्द आला जो मास्तर ढ मुलीच्या प्रगतिपुस्तकात लिहितात.

मला माहीत आहे की हे नीच आहे. मीच तिला शोधलं, मीच तिच्या आईच्या पाया पडले. आज सकाळी सरावाला ती रोजच्यासारखी धावत आली, दीदी दीदी करत, आणि मी तिला विनाकारण चार चकरा मारायला लावल्या. तिने सहा मारल्या. तिला वाटलं, मी तिच्यावर जास्त लक्ष देते आहे.

तुझं नावही त्यांनी घेतलं म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. चांगली म्हणाले आहेत. मेहनतीपेक्षा बरंच.

तू शहाणी आहेस, काही सुचव. आणि माझ्यावरचा जीव या पत्राने उतरू देऊ नकोस.

तुझी,
मुक्ता


ग्वाल्हेर
१७ डिसेंबर २०२४

चि. मुक्ता हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. चांगली होती, असं म्हणाले? होती? मी अजून चोवीसची आहे, मेलेली नाही. म्हातारा दर दहा वर्षांनी प्रेमात पडतो. माझ्या वेळीही हेच बोलला होता, चाळीसच्या जागी तीस वर्षं म्हणाला होता एवढंच. तेव्हा तू ओट्यावर बसून रडली होतीस, आणि मी तुला टावर चौकात कचोरी खायला नेलं होतं.

आता नीट ऐक. तू सेक्रेटरी आहेस, आरती ओवाळणारी नाहीस. नऊ गोल खाणारा संघ सेंटर हाफवर जिंकत नाही, गोलकीपरवर जिंकतो. देवासच्या टेकडी क्लबची जयू गोलात उभी राहते. मी तिच्याविरुद्ध खेळले आहे, भिंत आहे नुसती. त्यांच्याकडे दुसरी गोलकीपरही आहे, म्हणून जयूला द्यायला त्यांच्या विनोदिनीबाई तयार होतील. पण फुकट देणार नाहीत. त्यांना मीना दे.

दचकू नकोस. मीनाला तिथेही सामने मिळतील, मोठा क्लब आहे, मैदान चांगलं आहे. मुलीचं भलंच होईल. तुला गोलकीपर मिळेल. आणि मधली जागा २० तारखेनंतर मी सांभाळते. तोपर्यंत कुणालाही उभी कर. सगळ्यांचा फायदा आहे, कुणाचं नुकसान नाही, हिशोब साधा आहे.

माझा पाहुणीचा फॉर्म सही करून सोबत पाठवते आहे. बाकी तू ग्रॅज्युएट आहेस, तुला काय समजवायचं.

आईला मी रविवारी फोन केला नाही म्हणून काळजी करू देऊ नकोस. सरावाचं शिबिर चालू आहे म्हणावं. आठवण काढत जा, मीही काढते.

तुझीच,
गौरी


माधव नगर, उज्जैन
२९ डिसेंबर २०२४

प्रिय गौरीस,
स. न. वि. वि.

झालं. मीना देवासला गेली, जयू उज्जैनला आली. आणि आज आपण जिंकलो, एक-शून्य! जयू खरोखर भिंत आहे. शेवटच्या मिनिटात तिने पेनल्टी कॉर्नर पायाने अडवला आणि सगळ्या मुली तिच्या अंगावर पडल्या. बाबांनी मैदानावर सगळ्यांना जलेबी वाटली. म्हणजे मी चुकले नाही, असंच ना?

क्लबच्या रजिस्टरमध्ये मी कारण लिहिलं: संघ ही कुणा एका खेळाडूची मिरवणूक नसते, जिथे उणीव आहे तिथे भर घालणं हे सेक्रेटरीचं कर्तव्य आहे. चांगलं लिहिलंय ना? मला लिहिताना खरंच पटत होतं. भय्यासाहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं की मधे आता कोण खेळणार. मी म्हटलं, बघू. त्यांनी सही केली आणि शिट्टी न घेताच घरी गेले.

पाठवणी नेहमीसारखी झाली. दुसऱ्या क्लबला दिलेल्या मुलीची ओटी भरायची हे माईंनी सुरू केलं, आता लीगमधले सगळेच क्लब करतात. या वेळी माईंची कंबर धरली होती, म्हणून ओटी मला भरावी लागली. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. मीना शर्टाचा घोळ धरून उभी होती. तिला ही पद्धत माहीत नव्हती. मी कुंकू लावल्यावर तिने सगळ्यांदेखत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की क्लब आपली सगळ्यात चांगली मुलगी पाठवतो तेव्हा असा मान देतात. मग तिने हळूच विचारलं की दीदी, तिथे चांगली खेळले तर तुमचं नाव होईल ना. मी हो म्हटलं. नारळही मीच तिच्या हातात दिला, हे मी तुला मुद्दाम सांगते.

तिच्या आईला मी सांगायला गेले नाही. निरोप पाठवला.

आता तुझी वाट बघते. तू आलीस की सगळं पूर्वीसारखं होईल. लोभ करतेस तसाच करत राहा, मला सध्या त्याची गरज आहे.

तुझी,
मुक्ता


ग्वाल्हेर
५ जानेवारी २०२५

चि. मुक्ता हिस,
अ. उ. आ.

शाब्बास! याला म्हणतात सेक्रेटरी. पत्र मी मेसमध्ये उभ्याउभ्याच वाचलं. माझ्या खोलीतल्या मुलीला म्हटलं, बघ, आमची मुक्ता कशी आहे.

उरलेल्या सामन्यांच्या तारखा, वेळा आणि कोणकोण बघायला येतं ते लगेच कळव. वर्तमानपत्रवाले येतात का? आणि दर सामन्याचा सही-शिक्क्याचा दाखला क्लबकडून मिळेल ना, सेंटर हाफ म्हणून पूर्ण वेळ खेळल्याचा? तो मला लागेल. कशाला ते भेटल्यावर सांगेन.

पायांवर डोकं ठेवलं वगैरे फार मनात आणू नकोस. या वयात मुली कुणाच्याही पाया पडतात. आपण नाही का पडत होतो?

गजक पाठवते. एकटी खाऊ नकोस आणि मला विसरू नकोस.

तुझीच,
गौरी


माधव नगर, उज्जैन
१३ जानेवारी २०२५

प्रिय गौरीस,
स. न. वि. वि.

उद्या संक्रांत. तिळगूळ सोबत ठेवलाय, तो आधी खा. पुढचं वाचून गोड बोलणं तुला जमणार नाही.

काल मी बसने देवासला गेले. आपला सामना नव्हता, त्यांचा होता. का गेले ते प्रामाणिकपणे सांगते. मीना तिथे कशी खेळते ते मला बघायचं होतं, आणि ती वाईट खेळावी अशी माझी इच्छा होती. वाटेत मी ते वाक्यसुद्धा तयार केलं होतं, की भय्यासाहेब, मोठ्या क्लबात गेल्यावर कळतं.

ती खेळतच नव्हती. बेंचवर बसली होती, आणि मधेमधे उठून बाटल्या भरून आणत होती. तीन सामने झाले, एका मिनिटासाठीही तिला उतरवलेलं नाही. तो क्षण तुला सांगायलाच हवा, गौरी. मला बरं वाटलं. पोटात काहीतरी गार झालं, उन्हातून येऊन माठाचं पाणी प्यावं तसं. मग तिने मला पाहिलं. बाटल्या तशाच टाकून धावत आली आणि म्हणाली की दीदी, मला इथे चेंडू कोणी देत नाही, पण मी रोज सकाळी भिंतीशी खेळते, हाताचा सराव जाऊ दिला नाही. आणि विचारलं, चार सामने उरलेत, सहा पूर्ण होतील ना? तिने ते बोटांवर मोजून ठेवले होते. दोन आपल्याकडचे आणि चार उरलेले. एकही कमी चालणार नाही. माझ्याच तोंडातून मी तिच्या आईला दिलेला तो आकडा.

तिच्या तळहातांवरचा रंग गेला आहे. दोन महिने टेबलाला हात लावला नाही तिने, माझ्या शब्दावर.

मी विनोदिनीबाईंना गाठलं. बाई स्पष्ट आहेत. म्हणाल्या, ही पोरगी तुमच्याकडून आमच्याविरुद्ध खेळली असती तर आमचे बारा वाजले असते, म्हणून घेतली. खेळवायला नाही घेतली. सेंटर हाफ म्हणजे संघाचा कणा, तिथे पहिल्याच वर्षीची पोर मी उभी करत नाही. आणि वर हसून म्हणाल्या की तुमच्यासारख्या शिकलेल्या सेक्रेटरीने ती दिली कशी, याचंच आम्हाला नवल वाटलं.

परत आल्यावर आत्याकडे गेले, नुसती, बसावं म्हणून. तिथे तुझं कळलं. आत्याला हॉस्टेलचं पत्र आलं होतं. सप्टेंबरमध्येच तुला पहिल्या संघातून काढलं, आणि जानेवारीअखेर खोली सोडायची आहे. फेब्रुवारीत खेळ-कोट्यातल्या नोकरीची चाचणी आहे आणि तिला दाखले लागतात. आत्या रडत होती, आणि मी तिथे बसून तुझी सगळी पत्रं मनात पुन्हा वाचली. तू मला आधी का सांगितलं नाहीस? सांगितलं असतंस तर मी तुझ्यासाठी काहीही केलं असतं. पण तू मला मीनाचं भलं सांगितलंस.

तुझ्यावर ढकलत नाही. तू मला वाट दाखवलीस, पण चालायला मी तयारच होते. तू जयूचं नाव घेतलं नसतंस तर मी दुसरं काही शोधलं असतं. त्या रजिस्टरमधलं कर्तव्य वगैरे सगळं खोटं आहे. आज सकाळी मी भय्यासाहेबांना जाऊन तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले की त्या दिवशी बिल्ले ओट्यावर दिसले तेव्हाच मला समजायला हवं होतं. आणि म्हणाले, मेहनती हा शब्द मी माझ्याबद्दलही वापरतो.

आता मी काय केलं ते. अदलाबदल २५ तारखेपर्यंत चालते. जयूला परत देणार नाही. ती इथे रुळली आहे, आणि तिला चेंडूसारखं इकडून तिकडे टोलवणं हे तेच पाप दुसऱ्यांदा होईल. मीनाच्या बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे एकच नाव आहे जे विनोदिनीबाई हसत घेतील. तुझं. आज दुपारी पुन्हा देवासला जाऊन मी त्यांना विचारलं. हॉस्टेलची मुलगी म्हटल्यावर त्या खुर्चीतून उठल्याच. मी लिहून घेतलं आहे की उरलेले चारही सामने तू सेंटर हाफला पूर्ण वेळ खेळशील, आणि दाखला त्या देतील. म्हणजे तुझं काही बुडत नाही. फक्त शर्ट देवासचा असेल, आणि दोन फेब्रुवारीला आपल्याच मैदानावर आपल्याविरुद्ध खेळावं लागेल.

फॉर्म सोबत आहे. माझी आणि भय्यासाहेबांची सही आहे, तुझी जागा रिकामी आहे. तू सही केली नाहीस तर मीना बेंचवर राहील आणि ठरल्याप्रमाणे तू आपल्याकडून खेळशील. मी तुला उभी करीन, एक शब्द बोलणार नाही. पण माझी इच्छा काय आहे ते तुला कळावं म्हणून हे सगळं लिहिलं. या वेळी कारण खरं आहे.

माझ्यावर राग धरलास तरी चालेल. पण बोलणं सोडू नकोस.

तुझी,
मुक्ता


ग्वाल्हेर
१८ जानेवारी २०२५

मुक्ता,

आशीर्वाद या वेळी देत नाही.

तुझं पत्र गुरुवारी आलं. आज शनिवार. फॉर्म मी ट्रंकेत टाकला, काढला, पुन्हा टाकला. माझ्या खोलीतल्या मुलीने विचारलं की कुणाची चिठ्ठी आहे एवढी. मी म्हटलं, माझी पाठवणी आहे.

आईला पत्र आलं ते मला ठाऊक नव्हतं. तुला सांगितलं नाही, कारण तुलाच सांगायचं नव्हतं. बाकी कुणालाही सांगितलं असतं. तुझी पदवी भिंतीवर आहे आणि मी मामाशी भांडून म्हटलं होतं की मला कागद नको, मी मैदानावर नाव काढीन. आता परत येऊन त्या फ्रेमखाली कशी उभी राहू? तू मला सगळं सांगतेस, अगदी तुझ्या पोटातलं गारसुद्धा. मला ते जमत नाही. मी भांडू शकते.

तर भांडते. तू मला न विचारता विकायला काढलंस. सही माझी ठेवलीस हे खरं, पण असं पत्र लिहून सही मागणं म्हणजे विचारणं नव्हे. आणि चार सामने पूर्ण वेळ लिहून घेतलेस, म्हणून मला ओरडायलाही जागा ठेवली नाहीस. हे तुझं फार वाईट आहे. तू नेहमीच बरोबर असण्याची सोय करून ठेवतेस.

मी त्या मीनाला पाहिलेलंही नाही आणि मला तिचा राग येतो. म्हातारा तिला काय म्हणाला म्हणून नाही. तू तिच्यासाठी देवासला गेलीस, विनोदिनीबाईंसमोर उभी राहिलीस, भय्यासाहेबांना खोटं कबूल केलंस. मी इथे चार महिने राखीव म्हणून बसले, आणि माझ्यासाठी बसने कुणी आलं नाही. तुला माहीत नव्हतं हे मलाही कळतं. तरी राग येतो.

तिला सांग की दोन तारखेला मी तिच्यासमोर असेन, आणि दया करणार नाही. पहिली दहा मिनिटं तिला मान वर करू देणार नाही. त्यानंतरही तिने मैदान बघितलं, तर मग भय्यासाहेब काय म्हणतात ते मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकेन. सहाही सामने पूर्ण खेळव तिला. माझ्याविरुद्धचाही. मी पाडलं तरी बाहेर काढू नकोस.

मी आधी देवासला उतरेन, उज्जैनला सामन्याच्या दिवशीच येईन. आईला तू सांग, मला जमणार नाही.

माया आहे. सध्या दिसणार नाही एवढंच. सही केलेला फॉर्म आज सकाळी स्पीड पोस्टाने वेगळा पाठवला आहे. हे पत्र नंतर लिहायला बसले, म्हणजे लिहितालिहिता विचार बदलला तरी उपयोग नाही.

गौरी